क्योतो, नारा, कोयासान : जपानला पहिल्यांदा जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

ओसाकाच्या उपनगरात आम्ही सहा वर्षं राहिलो. त्या काळात पुण्याहून, नाशिकहून, ठाण्याहून पाहुणे येत राहिले, आणि आम्ही परत आल्यावर फोन सुरू झाले. मुलांना सुट्टी आहे, आईबाबांना न्यायचंय, सुरुवात कुठून करू? उत्तरं देता देता लक्षात आलं की प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते इथे लिहून काढले आहेत. भर कान्साई भागावर आहे, म्हणजे क्योतो, नारा, ओसाका आणि कोयासानचा डोंगर. मला तो भाग नीट ठाऊक आहे, आणि पहिल्या प्रवासात सर्वांत जास्त दिवस तिथेच द्यावेत असं माझं ठाम मत आहे.

नऊ-दहा दिवसांत काय काय बघून होईल?

माझ्याकडे येणाऱ्या याद्यांमध्ये आठ दिवसांत सात मुक्काम असतात. टोकियो, हाकोने, ताकायामा, क्योतो, ओसाका, हिरोशिमा, पुन्हा टोकियो. अशा प्रवासात रोज सकाळी बॅग भरायची आणि रोज संध्याकाळी नवं हॉटेल शोधायचं. देवळात पोचेपर्यंत अकरा वाजतात आणि नेमक्या त्याच वेळी सगळ्या सहलींच्या बस तिथे उतरतात. क्योतो ज्यांना 'फार गर्दीचं' वाटलं, त्यातल्या बहुतेकांनी ते सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात पाहिलेलं असतं.

मी सांगते ती वाटणी अशी: टोकियोत दोन रात्री, क्योतोत चार, कोयासानवर एक, हिरोशिमात एक आणि शेवटची ओसाकात. नारा क्योतोहून एका दिवसात होतं. उतरायचं टोकियोत आणि परतीचं विमान ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून घ्यायचं, म्हणजे उलट प्रवासाचे पैसे आणि अर्धा दिवस वाचतो. दिवस कमी असतील तर टोकियोतली एक रात्र कापा, क्योतोतली कापू नका.

कधी जावं?

आपल्याकडच्या सुट्ट्या धरून सांगते. मे महिन्यात जाणार असाल तर पहिला आठवडा टाळा. २९ एप्रिल ते ५ मे या दिवसांत तिकडे बऱ्याच सुट्ट्या असतात आणि सगळा देश प्रवासाला निघालेला असतो. त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस फार छान. मेपलला कोवळी हिरवी पालवी असते, हवा सुखद असते. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, मात्र तोवर संपलेला असतो. क्योतोत तो मार्चअखेरीस ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फुलतो.

दिवाळीत जाणाऱ्यांना वाटतं की लाल पानं दिसतील. क्योतोत ती खरी रंगतात नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. पण कोयासान सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, तिथे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच डोंगर पेटल्यासारखा दिसतो. शिवाय त्याच सुमारास नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयात शोसोइन या जुन्या भांडारातल्या वस्तूंचं वार्षिक प्रदर्शन भरतं. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

जून ते जुलैचा मध्य पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईसारखा घाम आणि वर ३५ अंशांच्या पुढचं ऊन. क्योतोतल्या गिओन उत्सवाच्या १७ जुलैच्या मिरवणुकीसाठी जाणार असाल तरच ते सोसावं. हा उत्सव इ. स. ८६९च्या रोगराईत सुरू झाला. उंच रथांचे सांगाडे खिळे न वापरता दोरांनी बांधलेले असतात.

व्हिसा लागतो का?

हो. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो आणि अर्ज व्हिसा केंद्रामार्फत करावा लागतो. दिवसवार कार्यक्रम लिहून द्यावा लागतो, त्यामुळे राहायची ठिकाणं आधी ठरवा. नियम आणि शुल्क बदलत असतं, अर्ज करायच्या आठवड्यात जपानी दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

सात दिवसांचा जेआर पास, म्हणजे रेल्वेचा पास, काढावा का?

पूर्वी डोळे झाकून काढायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली आणि गणित बदललं. टोकियो ते क्योतो शिनकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एकेरी तिकीट साधारण १४ हजार येन. क्योतो-हिरोशिमा आणि हिरोशिमा-ओसाका धरलं तरी बेरीज ४० हजारांच्या आत राहते. वरच्या वाटणीसाठी पास नको. सुटी तिकिटं काढा, नाहीतर पश्चिम भागापुरता मिळणारा छोटा पास घ्या. शहरातल्या रेल्वे, बस आणि दुकानांसाठी इकोका किंवा सुइका कार्ड घ्या, म्हणजे दर वेळी यंत्रापुढे नाणी मोजत उभं राहावं लागत नाही.

टोकियोहून क्योतोला जाताना 'ई' आसन मागा, म्हणजे उजव्या हाताची खिडकी. गाडी सुटल्यावर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी फुजी तिकडेच दिसतो.

मोठ्या बॅगा घेऊन रेल्वेत फिरणं जमेल?

बॅगा घेऊन फिरूच नका. हॉटेलच्या काउंटरवर 'ताक्क्युबिन' म्हणा. बॅग पुढच्या हॉटेलवर बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते आणि पैसे दर बॅगेमागे मोजले जातात. कोयासानला जाताना मोठ्या बॅगा ओसाकाच्या हॉटेलवर पाठवून द्यायच्या आणि वर फक्त एक पिशवी न्यायची. शिनकान्सेनमध्ये बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर तिच्यासाठी आधी जागा राखावी लागते.

क्योतोत शेकडो देवळं आहेत. नेमकी कोणती बघावी?

क्योतो ७९४ पासून हजार वर्षांहून अधिक काळ राजधानी होतं, त्यामुळे 'सगळं' बघणं तिथल्या रहिवाशांनाही जमत नाही. दिशेनुसार दिवस वाटा आणि एका दिवसात तीनपेक्षा जास्त ठिकाणं घेऊ नका.

पहिली पहाट फुशिमी इनारीसाठी ठेवा. हे देऊळ चोवीस तास उघडं असतं आणि तिकीट नाही. सहाच्या आधी पोचलात तर डोंगरावरच्या केशरी कमानींच्या, म्हणजे तोरणांच्या, बोगद्यातून तुम्ही जवळजवळ एकटेच चालत असता. साधारण दहा हजार तोरणं आहेत. चढताना ती नुसती केशरी दिसतात. उतरताना प्रत्येक खांबावर काळ्या अक्षरांत मजकूर दिसतो, तोरण देणाऱ्या व्यापाऱ्याचं किंवा कंपनीचं नाव आणि तारीख. इनारी ही भाताच्या पिकाची आणि भरभराटीची देवता. दगडी कोल्ह्यांच्या तोंडात काय धरलंय ते बघत चला, कुणाच्या तोंडात कोठाराची किल्ली असते, कुणाच्या भाताची लोंबी. सगळा फेरा दोन-अडीच तासांचा आहे. अर्ध्यावर योत्सुत्सुजी नावाचा चौक लागतो, तिथून शहर दिसतं. दमला असाल तर तिथूनच वळा.

किओमिझुदेरा सकाळी सहाला उघडतं. त्याचा लाकडी मंच १६३३चा आहे, दरीवर १३ मीटर उंच.

सांजुसांगेन्दो मात्र चुकवू नका. सहलींच्या यादीत ते मागे पडतं, कारण आत फोटो काढू देत नाहीत आणि बाहेरून ते एखाद्या लांबलचक कोठारासारखं दिसतं. आत कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्ती आहेत. मध्ये एक मोठी बसलेली आणि दोन्ही बाजूंना पाचपाचशे उभ्या. त्यांच्यापुढे अठ्ठावीस रक्षक देवता आहेत. तिथे मी दर वेळी थांबते ती कारुरापाशी. कारुरा म्हणजे गरुड. त्याला चोच आहे, पंख आहेत, आणि तो चक्क बासरी वाजवतोय. एक पाय ताल धरल्यासारखा उचललेला.

किन्काकुजी, म्हणजे सोनेरी मंडप, नऊला उघडतो. तेव्हाच जा. आज दिसतो तो १९५५ मध्ये पुन्हा बांधलेला आहे. जुना १९५० मध्ये तिथल्याच एका तरुण भिक्षूने जाळला. तिथून बसने जवळच र्योआन्जी आहे. पांढऱ्या खडीच्या अंगणात पंधरा दगड आहेत आणि कुठेही बसलं तरी एक तरी दगड दुसऱ्याआड जातो. पाच मिनिटांत उठू नका, अर्धा तास बसा.

वेळ कमी पडला तर आराशियामाचं बांबूचं बन सोडून द्या. ते सुंदर आहे, पण वाट लहान आहे आणि गर्दी फार.

देवळात गेल्यावर काय करायचं असतं?

आधी ओळख. दारात तोरण, म्हणजे 'तोरी', असेल तर ते शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं, देवस्थान, 'जिन्जा'. छपराचा दरवाजा, धूप आणि मूर्ती असतील तर ते बौद्ध देऊळ, 'तेरा'. जिन्जात आधी पळीने दोन्ही हातांवर पाणी घ्यायचं, मग पुढे जाऊन दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, मनातलं बोलायचं आणि शेवटी एकदा वाकायचं. बौद्ध देवळात टाळी नाही, नुसते हात जोडायचे. पेटीत पाच येनचं नाणं टाकतात, कारण पाच येनचा उच्चार 'गो-एन' आणि त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध.

लाकडी ओटीवर चढताना बूट काढावेच लागतात. नाडी नसलेले बूट आणि न फाटलेले मोजे घाला. तुमचा दिवसभराचा बराच त्रास वाचेल.

तिकडे आपले गणपती-सरस्वती आहेत असं ऐकलं. खरं आहे?

खरं आहे, पण ते रूप बदलून आहेत. या देवता बौद्ध धर्माबरोबर चीन आणि कोरियामार्गे तिकडे पोचल्या आणि हजार-बाराशे वर्षांपासून तिथल्याच झाल्या आहेत. बेन्झाइतेन ही सरस्वती. तिच्या हातात वीणेऐवजी 'बिवा' नावाचं तंतुवाद्य असतं आणि तिचं देऊळ बहुधा पाण्याकाठी असतं. टोकियोतल्या उएनोच्या तळ्यात, बिवा सरोवरातल्या चिकुबु बेटावर, एनोशिमाला ती भेटते. ताइशाकुतेन म्हणजे इंद्र, बोन्तेन म्हणजे ब्रह्मा, एन्मा म्हणजे यम. दुकानांत दिसणाऱ्या सात शुभदेवतांपैकी बेन्झाइतेन, बिशामोन्तेन आणि तांदळाच्या पोत्यांवर उभा हसरा दाइकोकुतेन हे तिघे मुळात भारतातले.

गणपतीला कांगितेन किंवा शोतेन म्हणतात. त्याची मूर्ती सहसा दाखवत नाहीत, ती बंद देव्हाऱ्यात असते. त्यामुळे 'दर्शन झालं नाही' म्हणून नाराज होऊ नका. टोकियोत आसाकुसाजवळ मात्सुचियामाचं देऊळ आहे. तिथे भक्त त्याला मुळा वाहतात, आणि देवळाच्या कोरीवकामात जागोजागी दोन पायांचा मुळा आणि पैशाची थैली दिसते. कान्साईत असाल तर इकोमा डोंगरावरचं होझान्जी बघा. ओसाका-नारा रेल्वेवर इकोमा स्टेशनला उतरून केबल कारने वर जायचं. १९१८ मध्ये सुरू झालेली ही जपानमधली पहिली केबल रेल्वे.

आणि मोदक? तोही आहे. क्योतोत गिओन भागातल्या जुन्या मिठाईच्या दुकानात 'सेइजो कान्किदान' मिळतो. कांगितेनाच्या नैवेद्याचा हा पदार्थ. पिठाच्या पारीत लाल घेवड्याचं गोड पुरण, वर आठ चुण्या घेऊन थैलीसारखी बांधलेली गाठ, आणि तिळाच्या तेलात गडद तपकिरी होईस्तोवर तळलेला. पुरणात चंदन, दालचिनी असे सुगंधी जिन्नस असतात. बाहेरचं आवरण इतकं कडक असतं की माझ्या सासूबाईंनी आधी हातात धरून फिरवून पाहिला, चुण्या मोजल्या, आणि मग तो कागदावर ठेवून बत्त्याने फोडतात तसा फोडला. चव तळलेल्या मोदकाची नाही, उदबत्तीच्या डबीजवळ ठेवलेल्या अनारशासारखी काहीतरी. पण हातात घेतल्यावर तो काय आहे हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

एक विनंती. तिथल्या पुजाऱ्याला किंवा मार्गदर्शकाला 'हे आमचंच आहे' असं सांगू नका. त्यांना मूळ ठाऊक असतं आणि ते आदराने सांगतातही.

नारामध्ये हरणांशिवाय काय आहे?

हरणं हजाराच्या वर आहेत, ती वाकून बिस्किटं मागतात आणि हातातला नकाशाही खातात. मुलांसाठी तेवढं पुरतं. मोठ्यांसाठी मात्र नारा हा जपानच्या इतिहासाचा सर्वांत खोल भाग आहे.

तोदाइजीचा महाबुद्ध सुमारे १५ मीटर उंच आहे. ७५२ मध्ये त्याच्या डोळ्यांत प्राण भरण्याचा विधी झाला आणि मूर्तीच्या डोळ्यांवर कुंचला फिरवला तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने. तो ७३६ मध्ये जपानला आला होता. कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या हातात धरल्या, म्हणजे डोळे उघडण्याच्या पुण्यात सगळ्यांचा वाटा. तो कुंचला आणि ती निळी दोरी आजही तोदाइजीमागच्या शोसोइन भांडाराच्या संग्रहात आहेत. या संग्रहातल्या निवडक वस्तू दर शरद ऋतूत थोडे दिवस दाखवतात. दर वर्षी वस्तू वेगळ्या असतात.

आणखी वेळ काढता आला तर होर्युजीला जा. ६०७ मध्ये स्थापन झालेला मठ, आणि जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती इथे उभ्या आहेत. तिथल्या मुख्य मंदिरात भिंतींवर बोधिसत्त्वांची चित्रं होती. त्यांची तुलना नेहमी अजिंठ्याशी केली जाते. त्यातल्या एका चेहऱ्याची छायाचित्रं पाहिली तर पहिल्या लेण्यातला पद्मपाणीच आठवतो. २६ जानेवारी १९४९ रोजी तिथे आग लागली आणि ती चित्रं करपली. आता दिसतात त्या नंतर काढलेल्या प्रतिकृती. पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला, आणि २६ जानेवारीला आजही देशभर देवळांत आग विझवण्याचा सराव होतो. अजिंठा पाहिलेल्या माणसाने त्या अर्ध्या अंधारात उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

कोयासानला एक रात्र घालवण्याइतकं काय आहे?

माझं उत्तर नेहमी एकच असतं. बाकी काही गाळा, हे गाळू नका.

कूकाई नावाच्या भिक्षूने नवव्या शतकाच्या सुरुवातीला हा मठ वसवला. शिंगोन या बौद्ध पंथाचं हे मुख्य पीठ. ८३५ मध्ये कूकाई समाधीत बसले आणि भक्तांच्या श्रद्धेने ते अजून तिथेच ध्यानस्थ आहेत. त्यांच्यासाठी आजही रोज दोनदा जेवण नेलं जातं. दोन भिक्षू लाकडी पेटी खांद्यावर घेऊन पूल ओलांडतात. आळंदीला माउलींच्या समाधीपुढे उभं राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून नान्काई रेल्वेने गोकुराकुबाशीला जायचं, तिथून केबल कार आणि मग बस. साधारण दोन तास. वर शंभरावर मठ आहेत आणि त्यातल्या पन्नासेक मठांत राहायची सोय आहे. त्याला 'शुकुबो' म्हणतात. दोन जेवणं धरून माणशी बहुधा १२ हजार येनच्या पुढेच पैसे लागतात. संध्याकाळी पाचपर्यंत पोचा, कारण जेवण सहाच्या आतबाहेर खोलीत किंवा दालनात येतं. खोली चटईची, गादी जमिनीवर. हिवाळ्यात बर्फ असतो, थर्मल घाला.

सकाळी सहाच्या सुमाराला प्रार्थना असते. काही मठांत 'गोमा' करतात. शब्द मुळात आपला 'होम'. भिक्षू समिधांसारख्या चपट्या काड्या रचून अग्नी पेटवतो, वर तेल सोडतो, मागे मोठा ढोल वाजत असतो. उच्चार जपानी असतात, त्यामुळे सुरुवातीला काही कळत नाही. मग शेवटी कानावर येतं, 'ग्याते ग्याते हारा ग्याते, हारा सो ग्याते, बोजी सोवाका'. हे 'गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा' आहे. माझे वडील शेजारी मांडी घालून बसले होते. त्यांनी 'सोवाका' ऐकलं आणि न राहवून हळूच 'स्वाहा' म्हणाले.

नंतर ओकुनोइनच्या स्मशानातून चाला. दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना जुने सीडार वृक्ष आणि दोन लाखांच्या वर समाध्या. एकमेकांचे वैरी असलेले ओदा नोबुनागा आणि अकेचि मित्सुहिदे या जुन्या सरदारांची, दोघांचीही, स्मारकं इथे आहेत. वाळवी मारण्याचा व्यवसाय करणाऱ्यांनी वाळवीसाठी उभारलेलं स्मारकही आहे. पाच दगड एकावर एक ठेवलेले स्तूप दिसतील. जवळ जाऊन बघा. वरून खाली पाच अक्षरं कोरलेली असतात: ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. लिपी सिद्धम्, देवनागरीची जवळची नातलग. शेवाळ बोटाने न पुसता नुसतं बघत राहिलं तरी 'र' हळूहळू ओळखू येतो.

महाराष्ट्राशी या डोंगराचं नातं अलीकडचंही आहे. कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये त्याचं अनावरण झालं. जाणार असाल तर विद्यापीठ लहान आहे आणि गावाच्या मध्यावरच आहे.

शाकाहारी माणसाचं कसं होणार?

होतं, पण तयारी लागते. अडचण मांसाची नाही, 'दाशी'ची आहे. बहुतेक सूप, रस्से, उडोन शेवयांचं पाणी, सोबा शेवयांची चटणी यांत वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो, तीच दाशी. भाज्यांची थाळी दिसली तरी ती त्यातच शिजलेली असते. माझ्या आईला पहिल्याच दिवशी एका छोट्या खाणावळीत 'यात मांस नाही' असं सांगून उडोन वाढला. सांगणारा खोटं बोलत नव्हता, त्याच्या लेखी मासा मांसात येत नाही. आईला दोन दिवसांनी कळलं आणि ती फार कष्टी झाली. चूक माझी होती, मी नीट विचारलं नव्हतं.

म्हणून हे पाठ करा: 'निकु तो साकाना वा ताबेमासेन. दाशी मो दामे देसु.' मांस-मासे खात नाही, दाशीही नको. हेच जपानी लिपीत छापून जवळ ठेवा.

कोयासानच्या मठातलं 'शोजिन र्योरी' पूर्ण शाकाहारी असतं, कांदा-लसूणही नसतो. तिळाचं मऊ 'गोमा-दोफू' आणि गोठवून वाळवलेलं 'कोया-दोफू' ही तिथली खासियत. क्योतोत झेन देवळांच्या आसपास असंच जेवण मिळतं, मात्र बाहेरच्या हॉटेलांत दाशीचं विचारून घ्या. टोकियो स्टेशनच्या आतच 'टीज तानतान'मध्ये पूर्ण वनस्पतिजन्य रामेन मिळतं. बाकी दिवसांसाठी घरचं मेतकूट, लोणचं आणि दशम्या. चोवीस तास उघड्या दुकानांत शिजवलेला भात पाकिटात मिळतो, गरम करून घेतला की जेवण होतं. मांसाचे पदार्थ आणि ताजी फळं-भाज्या मात्र भारतातून नेऊ नका, आंबा तर नाहीच.

सार्वजनिक गरम पाण्याच्या कुंडात कपडे घालून जाता येतं?

नाही. बायका आणि पुरुष वेगळे, आणि आत सगळे विवस्त्र. आधी बसून साबणाने स्वच्छ आंघोळ, मग कुंड. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवतात. संकोच वाटत असेल तर तासाभरासाठी खासगी कुंड मिळतं, 'काशिकिरी' म्हणून विचारा. गोंदण असेल तर काही ठिकाणी प्रवेश नाकारतात.

पुण्याच्या पु. ल. देशपांडे उद्यानासारखी खरी बाग तिकडे आहे का?

आहे, ओकायामाचं कोराकुएन. पुण्याची बाग पुणे-ओकायामा मैत्रीची खूण आहे आणि ती याच बागेवरून बेतली आहे. कोराकुएन १७०० मध्ये पूर्ण झालं आणि जपानच्या तीन नावाजलेल्या बागांत ते गणलं जातं. पुण्यातली बाग पाहून गेलात तर तिथे पहिल्यांदा विस्तार जाणवतो. मोकळी हिरवळ, मध्ये भाताचं छोटं शेत, चहाची झुडपं, आणि मागे ओकायामाचा काळा किल्ला जणू बागेचाच भाग असल्यासारखा. हिरोशिमाला जाताना ओकायामाला उतरा, तीन तास पुरतात. सामान स्टेशनच्या लॉकरमध्ये.

हिरोशिमाला लहान मुलांना न्यावं का?

दहा वर्षांच्या पुढे हो. त्याआधी बाहेरचं उद्यान दाखवा, संग्रहालय नको. ६ ऑगस्ट १९४५च्या सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी जे झालं ते संग्रहालयात जळलेल्या गणवेशांतून, डब्यांतून दिसतं, आणि ते मोठ्यांनाही जड जातं. सादाको सासाकीची गोष्ट मुलांना आधी घरी सांगा. स्फोटाच्या वेळी ती दोन वर्षांची होती, बाराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली. आजारपणात ती कागदाचे क्रौंच घडवत असे. मुलांच्या स्मारकापाशी जगभरच्या मुलांनी पाठवलेले क्रौंच टांगलेले असतात. आम्ही घरून घडवून नेले होते. त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. जवळचं मियाजिमा बेट दुसऱ्या दिवशी सकाळी.

गिओनमध्ये गेइशांबरोबर फोटो काढता येतो?

गेइशा म्हणजे नाच-गाणं सादर करणाऱ्या कलावंत, आणि त्या कामावर निघालेल्या असतात. वाट अडवू नका, मागे धावू नका. क्योतोत त्यांना गेइको आणि शिकाऊ मुलींना माइको म्हणतात. गिओनमधल्या खासगी गल्ल्यांत पर्यटकांना बंदी आहे, दहा हजार येन दंडाच्या पाट्या लावल्या आहेत.

फुजी नक्की दिसेल ना?

कुणीच हमी देऊ शकत नाही. हिवाळ्याच्या सकाळी शक्यता सर्वांत जास्त, उन्हाळ्यात ढग.

सत्तरीच्या आईबाबांना झेपेल का?

रोज दहा-पंधरा हजार पावलं होतात, हे आधी मान्य करा. स्टेशनांवर लिफ्ट असते, पण ती भलत्याच टोकाला असते, म्हणून गाडी बदलायला जास्त वेळ ठेवा. क्योतोत चौघे असाल तर टॅक्सी परवडते. तिचं दार आपोआप उघडतं, ओढू नका. सांजुसांगेन्दो आणि तोदाइजी सोपी. किओमिझुदेराला चढ आहे, फुशिमी इनारीला पायऱ्याच पायऱ्या. शुकुबोत जमिनीवर बसवत नसेल तर आरक्षण करतानाच खुर्ची मागा, बहुतेक मठ देतात.

पैसे, प्लग, औषधं?

मोठ्या दुकानांत कार्ड चालतं, देवळांची तिकिटं आणि छोट्या खाणावळी रोख. सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून भारतीय कार्डाने पैसे निघतात. टिप देऊ नका, धावत येऊन परत करतील. वीज १०० व्होल्टची आणि प्लग दोन चपट्या पिनांचा. मोबाइलचा चार्जर चालतो, पाणी तापवायचा रॉड नीट चालत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, ठराविक प्रमाणापेक्षा जास्त असेल तर ती जपानमध्ये न्यायला मनाई आहे. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या.

कचऱ्याचे डबे रस्त्यावर फारसे नसतात. पर्समध्ये एक रिकामी पिशवी ठेवा आणि कचरा हॉटेलवर आणा.

आठवण म्हणून काय आणावं?

पहिल्याच देवळात एक 'गोशुइन्चो' घ्या. घड्यांची, कापडी पुठ्ठ्याची वही असते. प्रत्येक देवळात ती दिली की साधारण ३०० ते ५०० येनमध्ये तिथला माणूस समोर बसून कुंचल्याने देवळाचं नाव आणि तारीख लिहितो आणि वर लाल शिक्के उमटवतो. ही दर्शनाची नोंद आहे, म्हणून आधी दर्शन घ्या, मग रांगेत उभे राहा. लिहीत असताना फोटो काढायचा असेल तर विचारा. शाई ओली असते. तो मध्ये टिपकागद घालून देतो, तो काढू नका आणि वही लगेच पिशवीच्या तळाशी कोंबू नका.